उपमुख्यमंत्र्यांची ‘बेकायदा सही’ आणि आत्याची ई-केवायसी

‘महाराष्ट्राचं मंत्रिमंडळच घटनाबाह्य!!!’ असा एक लांबलचक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. पाच मुद्दे, खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’. एरवी मी असल्या गोष्टींच्या नादी लागत नाही. पण आत्याने लाडकी बहीणची ई-केवायसी करायची थांबवली. का, तर म्हणे, “उपमुख्यमंत्र्यांच्या सह्या कोर्टात उडणार, योजनाच बुडणार. कशाला हेलपाटे?” आता मात्र लिहायलाच हवं.

तिला घाबरवणारा मुद्दा असा: उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही, म्हणून त्यांची शपथ रद्द, त्यांनी मंजूर केलेला पैसा रद्द, जीआर रद्द.

पद घटनेत नाही, इथपर्यंत ठीक. अनुच्छेद 164 मध्ये मुख्यमंत्री आणि ‘इतर मंत्री’ एवढेच आहेत. उपमुख्यमंत्री त्या इतरांत मोडतो, विषय संपला. हा वाद नवाही नाही. 1989 मध्ये देवीलाल यांना शपथ देताना राष्ट्रपती व्यंकटरमण ‘मंत्री’ म्हणत होते आणि देवीलाल ‘उपप्रधानमंत्री’ म्हणत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1990 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की ते बिरुद नुसतं वर्णनापुरतं आहे, देवीलाल मंत्रीच आहेत आणि शपथ वैध आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यांतल्या उपमुख्यमंत्र्यांविरुद्धची याचिकाही सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने फेटाळली. तेव्हाही महाराष्ट्रात दोन उपमुख्यमंत्री होते.

राहिली सही. मंत्र्याला अधिकार मिळतो तो खात्यामुळे, बिरुदामुळे नाही. खातं मिळतं मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने, राज्यपालांकडून. वित्त खातं उपमुख्यमंत्र्यांकडे असेल, तर त्याची फाइल त्यांच्याकडे वित्तमंत्री म्हणून जाते. आणि मेसेज लिहिणाऱ्याने आयुष्यात एक तरी जीआर उघडला असता, तर शेवटची ओळ दिसली असती: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. त्याखाली सही असते ती अवर सचिवाची किंवा उपसचिवाची. जी सही बेकायदा म्हणून आत्याची झोप उडवली, ती त्या कागदावर नसतेच! शिवाय हा न्याय लावायचा तर 1978 च्या नासिकराव तिरपुड्यांपासून मुंडे, भुजबळ, आर. आर. आबांपर्यंत सगळ्यांचा कारभार पुसून टाकावा लागेल. तेवढी हिंमत मेसेजमध्ये दिसत नाही.

बाकीचे मुद्दे नुसती भर घालायला आहेत. मंत्र्यांच्या संख्येत राज्यमंत्री मोजत नाहीत, त्यामुळे ते हवे तेवढे करता येतात म्हणे. चूक. 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीने मुख्यमंत्र्यासह सगळे मिळून विधानसभेच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली. 288 मध्ये ते 43 होतात. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईत तिघांचा आणि नागपुरात 39 जणांचा शपथविधी झाला, त्यात सहा राज्यमंत्री. एकूण 42.

आमदार नसलेला माणूस मंत्री होऊच शकत नाही, हेही खोटं. सहा महिन्यांची मुदत मिळते. उद्धव ठाकरे नोव्हेंबर 2019 मध्ये मुख्यमंत्री झाले ते कुठल्याच सभागृहात नसताना. मे 2020 मध्ये ते विधान परिषदेवर गेले.

‘26 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेची मुदत संपली, तेव्हाच राष्ट्रपती राजवट लागायला हवी होती’ हा चौथा शोध. निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात अधिसूचित झाली की नवी विधानसभा गठित झाली असं कायदा मानतो. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 73. ती अधिसूचना 24 तारखेलाच राज्यपालांच्या हाती होती.

पाचव्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. मंत्री 12 पेक्षा कमी नसावेत असं तीच घटनादुरुस्ती सांगते, आणि 30 जून ते 9 ऑगस्ट 2022 या काळात शिंदे आणि फडणवीस या दोघांनीच राज्य चालवलं. पावसाळ्याचे दिवस, पूर आलेला आणि खात्यांना मंत्री नाहीत. त्यावर तेव्हा टीका झाली ती योग्यच होती. पण 2022 च्या त्या 40 दिवसांमुळे 2024 ची शपथ कशी रद्द होते आणि त्यापायी आत्याने केवायसी का थांबवावी, हे त्या लांबलचक मेसेजमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.