शिबिराला किती लोक आले ते नका सांगू

लोकांना त्यांचे कायदेशीर हक्क शिकवणाऱ्या संस्थांचे वार्षिक अहवाल वाचायची मला वाईट खोड आहे. वाईट अशासाठी, की वाचून चिडचिड होते आणि ज्यांच्यावर चिडायचं ती माणसं भली असतात. अहवालात फोटो ठरलेला: मागे बॅनर, पुढे खुर्च्यांच्या रांगा, हातात माइक घेतलेले वकीलसाहेब. खाली आकडा असतो, अमुक शिबिरांतून तमुक हजार लोकांपर्यंत हक्कांची माहिती पोहोचवली. पान उलटलं की दुसराच विषय सुरू. त्या हजारांपैकी कोणाची अडकलेली मजुरी सुटली, कोणाला घराबाहेर काढणं थांबलं, कोणाचं नाव यादीत चढलं, याबद्दल अवाक्षर नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: लोकांना हक्क माहीत नसतात, म्हणून ते गप्प बसतात. मला ती अर्धीच खरी वाटते. कलमाचा नंबर माहीत नसेल, पण जादा तास राबवून पैसे दिले नाहीत म्हणजे आपल्याला लुबाडलं, हे कळायला कलम लागत नाही. माणूस गप्प असतो कारण तोंड उघडलं तर उद्या काम जाईल, परवा खोली जाईल, आणि त्या दिवशी माइकवाले वकीलसाहेब तिथे नसतील. हा हिशेब त्याने शिबिराला यायच्या आधीच केलेला असतो. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो.

नुसतं सांगून काय होतं, याचा रोज चालणारा प्रयोग अमेरिकेत १९६६ पासून सुरू आहे. मिरांडा विरुद्ध अ‍ॅरिझोना या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की कोठडीतल्या माणसाची चौकशी करण्याआधी पोलिसांनी त्याला त्याचे हक्क ऐकवायचे. गप्प राहता येईल, बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल, वकील मिळेल, परवडत नसेल तर नेमून मिळेल. म्हणजे शिबिरच की, तेही एकट्यासाठी आणि ऐन गरजेच्या घटकेला! तरीही बहुसंख्य संशयित हे हक्क सोडून देतात आणि बोलायला लागतात, असं तिथल्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवलं आहे. गप्प बसलो तर गुन्हेगार वाटेन, सहकार्य केलं तर लवकर सोडतील, समोरचा भडकेल, असं बरंच काही डोक्यात चालू असतं. माहिती कानावर पडते, पण त्या खोलीत जोर कोणाचा, हे त्यामुळे बदलत नाही.

त्याच देशातलं उलट उदाहरणही बघण्यासारखं आहे. इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटर ही संस्था स्थलांतरितांना लाल रंगाची छोटी कार्डं देते. एका बाजूला त्या माणसाच्या भाषेत सूचना: दार उघडू नका, प्रश्नांची उत्तरं देऊ नका, वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नका. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, दारात आलेल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याने वाचायचा मजकूर. बंद दाराखालून हे कार्ड बाहेर सरकवायचं. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट असेल तर ते दाखवा, नसेल तर आत येऊ नका, हे कार्डच सांगतं. थरथरणाऱ्या माणसाला एक अक्षर बोलावं लागत नाही. कार्ड म्हणजे चिलखत नव्हे, दार तोडायला निघालेल्याला ते अडवणार नाही. पण ज्याला कोणाला हे सुचलं, त्याला भीती म्हणजे काय ते ठाऊक होतं. राज्यघटनेची महती सांगणारी शंभर पोस्टर्स मी या एका कार्डावरून ओवाळून टाकीन.

या विषयावर बोलताना मी हटकून दक्षिण आफ्रिकेकडे वळते, कारण वर्णभेदाच्या राजवटीत तिथे शिकवण्यासारखा चांगला कायदाच नव्हता. १९५५ मध्ये काही गोऱ्या बायकांनी 'ब्लॅक सॅश' ही संघटना काढली. मिश्रवर्णीय मतदारांना मतदारयादीतून वगळायचा सरकारचा घाट होता, त्याच्या निषेधार्थ. खांद्यावरून काळा पट्टा घेऊन त्या रस्त्यावर मुकाट्याने उभ्या राहायच्या. एवढ्यावरच थांबल्या असत्या तर आज त्यांची आठवण फक्त फोटोंत उरली असती. पण त्यांनी सल्ला केंद्रं उघडली. काळ्या माणसाने शहरात राहायचं की नाही, राहिला तर किती दिवस, हे त्याच्या पासबुकातल्या (काळ्या माणसांना कायम जवळ बाळगावं लागणारं परवान्याचं पुस्तक, बँकेचं नव्हे) शिक्क्यावर ठरायचं, आणि शिक्का नसला तर अटक. केंद्रातलं काम म्हणजे समोरच्याचे कागद उलगडून बघणं. शिक्का कुठला, तारीख काय, आधी कुठे नोकरी, कोणत्या पोटकलमातून याला राहता येईल. कायदा उघड उघड अन्यायाचा आणि त्याच कायद्यातल्या फटी शोधत एकेका माणसाला वाचवायचं. हे करून आपण त्या व्यवस्थेला मान्यताच देतोय का, हा प्रश्न रास्त आहे. पण ज्याला उद्या शहराबाहेर हाकलणार, त्याच्यासमोर बसून तो प्रश्न सोडवत बसता येत नाही.

त्या कायद्यात एक तरतूद होती. एकाच मालकाकडे सलग दहा वर्षं काम केलं, तर शहरात कायम राहायचा हक्क. आता गंमत बघा. बाहेरून आलेल्या कामगाराचा करार दरवर्षी नव्याने करायचा, त्यासाठी त्याने दरवर्षी गावी जाऊन यायचं, हा नियम सरकारचाच. आणि मग सरकारच म्हणणार, तू मध्ये गावी गेलास, काम सलग कुठे झालं? मेहलोलो टॉम रिखोतो या कारखान्यातल्या कामगाराने हे कोर्टात नेलं. लीगल रिसोर्सेस सेंटर या १९७९ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचे वकील त्याच्या बाजूने उभे राहिले. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागाने निकाल दिला, की हे काम सलगच आहे.

बातमी म्हणून गोष्ट इथे संपते. संस्थांचं खरं काम मात्र इथून पुढे होतं. निकालामुळे कोणाच्याही पासबुकात आपोआप शिक्का उमटला नाही. प्रत्येक कामगाराने स्वतः अर्ज करायचा आणि दहा वर्षं त्याच मालकाकडे होतो याचा पुरावा आणायचा. तो पुरावा असतो मालकाच्या हातात. सरकारनेही त्याच वर्षी कायदा बदलून, कामगाराच्या कुटुंबाने शहरात यायचं तर मंजूर घर हवं, अशी पाचर मारून ठेवली. अशा वेळी 'तुम्ही जिंकलात' असं पत्रक वाटणारा काय कामाचा? मालकाला पत्र कसं लिहायचं, त्याने टाळाटाळ केली तर दुसरा पुरावा कुठला चालेल, टेबलामागचा माणूस 'उद्या या' म्हणाला तर उद्या कोणाला बरोबर न्यायचं, हे सांगणारा लागतो.

बरोबर येणारा माणूस. सगळं घोडं इथे पेंड खातं, कारण असा माणूस वकीलच हवा म्हटलं तर तो मिळत नाही. सिएरा लिओनमध्ये २००२ मध्ये यादवी संपली तेव्हा अख्ख्या देशात वकील होते शंभरेक, त्यातलेही बहुतेक राजधानीत. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या 'टिमाप फॉर जस्टिस'ने वकील यायची वाट पाहिली नाही. स्थानिक माणसांनाच पॅरालीगल, म्हणजे वकील नसलेले पण कायद्याचं प्रशिक्षण घेतलेले मदतनीस, म्हणून तयार केलं. सरकारी कायदा आणि तिथल्या प्रमुखांचा परंपरागत कायदा, दोन्हींत वावरता येणारी ही माणसं. तडजोड घडवायची, पत्र लिहायचं, अधिकाऱ्याकडे बरोबर जायचं, आणि अगदीच अडलं तर मोजक्या वकिलांपैकी एकाला गाठायचं. २०१२ च्या कायदेविषयक मदत कायद्याने तिथे पॅरालीगलना रीतसर मान्यता दिली.

याहून मला आवडलेली गोष्ट लायबेरिया, युगांडा आणि मोझांबिक इथली. २००९ ते २०११ या काळात तिथे समूहांच्या सामाईक जमिनीची कागदपत्रं करून घ्यायचा मोठा प्रयोग झाला. काही समूहांना पूर्ण वकिली मदत दिली, काहींना पॅरालीगल, काहींना फक्त कायद्याचे वर्ग, आणि काहींच्या हाती नुसती पुस्तिका. वाटतं की पूर्ण मदतवाले सगळ्यांच्या पुढे जातील. निघालं भलतंच. जिथे बहुतेक काम लोकांवरच सोडलं होतं, तिथे त्यांनी ते जास्त मनावर घेतलं, कायदा जास्त पचवला, आपसातली भांडणंही मिटवली. त्यांना मध्येमध्ये आधार द्यायला प्रशिक्षित पॅरालीगल मात्र हवा होता. म्हणजे 'आम्ही करून देतो' हेही चुकीचं आणि 'आम्ही सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा' हेही.

वकील मंडळी इथे हमखास म्हणतात, अर्धवट शिकलेल्यांनी सल्ला दिला तर पक्षकाराचं वाटोळं होईल. खरं आहे, मुदत चुकली की पुढचे सगळे दरवाजे बंद. म्हणून पॅरालीगलच्या मागे वकिलाची देखरेख हवी आणि 'मला माहीत नाही, विचारून सांगते' हे वाक्य त्याला सगळ्यात आधी पाठ करून घ्यायला हवं. पण पुष्कळ ठिकाणी हा आक्षेप धंदा राखण्यासाठी घेतला जातो. 'माहिती द्या, सल्ला देऊ नका' हा नियम पाळताना स्वयंसेवकांची होणारी कसरत मी पाहिली आहे. समोरची बाई विचारते, 'मग मी सही करू की नको?' आणि उत्तर मिळतं, 'आपल्याकडे दोन पर्याय उपलब्ध आहेत.' न्यूयॉर्कमध्ये 'अपसॉल्व्ह' या संस्थेला कर्जवसुलीच्या दाव्यात अडकलेल्यांना एक साधा उत्तराचा फॉर्म भरायला वकील नसलेल्या प्रशिक्षित माणसांकडून मदत द्यायची होती. त्यासाठी आधी कोर्टात जावं लागलं. २०२२ मध्ये तात्पुरता दिलासा मिळाला, मग प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं. एका फॉर्मसाठी एवढं रामायण!

आणखी एक गोष्ट शिबिरात कोणी सांगत नाही: हक्क मागितल्यावर काय भोगावं लागेल. 'न घाबरता तक्रार करा' म्हणणं सोपं आहे, कारण म्हणणाऱ्याला घरी जायचं असतं. सूड उगवला जाईल का, कोण उगवेल, तेव्हा खाणार काय, राहणार कुठे, हे आधी बोलायला हवं. आणि शक्यतो एकट्याला पुढे करू नये. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने (ती स्वतःला स्वयंसेवी संस्था म्हणवत नाही, आणि ते बरोबरच आहे) १९९४ मध्ये जनसुनावण्या सुरू केल्या. सरकारी कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. कामावर कधीच न गेलेल्यांच्या नावावर मजुरी निघालेली, मेलेल्यांची नावं हजेरीत. कायद्याचा तास घ्यावाच लागला नाही, कागद वाचला की पुढचं लोकच बोलू लागायचे. एकट्याला धमकावता येतं, सगळ्या गावाला धमकावणं जड जातं. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं, आणि माहिती अधिकाराचा देशव्यापी कायदा आला २००५ मध्ये. मधली वर्षं मोजा आणि मग तीन वर्षांच्या प्रकल्पाला पैसे देणाऱ्या देणगीदारांकडे बघा.

देणगीदारांचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण शिबिरांचा सुकाळ त्यांच्यामुळेच आहे. शिबिर मोजता येतं, फोटो निघतो, आर्थिक वर्षाच्या आत उरकतं. पॅरालीगलचा पगार त्यांच्या तक्त्यात 'प्रशासकीय खर्च' म्हणून पडतो, आणि तो जितका कमी तितकी संस्था कार्यक्षम! अहो, पण या कामात तो पगार म्हणजेच काम. तुम्ही अशा एखाद्या संस्थेला पैसे देत असाल, लहान रक्कम का असेना, तर त्यांना एवढंच विचारा: मागच्या वर्षी किती अर्ज केले, किती निकाली निघाले, किती फेटाळले गेले, फेटाळलेल्यांपैकी किती जणांनी अपील केलं आणि अपिलाच्या तारखेला त्यांच्याबरोबर कोण गेलं होतं? ज्यांच्याकडे ही वही असेल त्यांना पगारासाठी म्हणून पैसे द्या, आणि ते पत्रात तसं लिहून द्या.