तलफ मला येते. मग सोडतो कोण?

मागच्या मंगळवारी मिरज स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी बसलेल्या माणसानं चुन्याची डबी उघडली. टक्. एवढाच आवाज. माझा डावा तळहात आपसूक उताणा झाला आणि उजवा अंगठा त्यावर फिरायलाही लागला. हातात काहीच नव्हतं. तंबाखू सोडून मला चौदा महिने झालेत.

हात आधी हलला, मला नंतर कळलं.

बेंजामिन लिबेट या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८३ साली जवळपास हेच मोजून दाखवलं होतं. माणसाच्या डोक्याला तारा लावायच्या, समोर घड्याळासारख्या तबकडीवर फिरणारा ठिपका ठेवायचा आणि सांगायचं, मनात येईल तेव्हा मनगट हलवा, फक्त हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठं होता ते ध्यानात ठेवा. निघालं ते असं: हलवावंसं वाटायचं हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधी, पण मेंदूतली तयारी सुरू झालेली असायची ५५० मिलिसेकंद आधी. साहेबांची सही व्हायच्या आत फाइल पुढं सरकलेली!

यावरून 'माणसाला इच्छास्वातंत्र्य नाही' असा डंका पिटणारे बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही. मनगट हलवणं म्हणजे घरासाठी कर्ज काढणं नव्हे. शिवाय २०१२ मध्ये आरॉन शर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरा अर्थ मांडला. मेंदूत सारखी चाललेली खळबळ साचत साचत काठावरून सांडते, ती 'तयारी' म्हणजे तेवढंच असेल. निर्णय आधीच झाला होता असं तिच्यावरून ठरत नाही. खुद्द लिबेटही म्हणायचा की सुरुवात हातात नसली तरी ऐनवेळी 'नको' म्हणणं माणसाच्या हातात आहे. मिरजेत मी उठून लांबच्या बाकावर जाऊन बसलो, ते हेच 'नको' असेल कदाचित. किंवा मेंदूनं मला उठवलं आणि मी नुसता सोबत गेलो.

गंमत म्हणजे आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक असावं. मराठीत तलफ *येते*. राग येतो, झोप येते, कंटाळा येतो, आठवण होते. मला वाटलं, मला आवडलं, मला खावंसं वाटलं. या सगळ्यात मी कर्ता नाहीच, मी फक्त पत्ता. टपाल माझ्याकडे येतं. 'ठरवलं' म्हटलं की मात्र विभक्ती बदलते. त्याला वाटलं, पण त्याने ठरवलं. माझं सगळं भांडण या 'ला' आणि 'ने' मधल्या फटीशी आहे.

कारण 'त्याने ठरवलं' हे आपण जरा जास्तच सढळ हातानं वाटतो.

२०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४ टक्क्यांच्या आसपास प्रौढ तंबाखू खाणारे निघाले आणि ओढणारे ४ टक्क्यांच्या आत. जम्मू-काश्मीरमध्ये बरोबर उलटं: ओढणारे २० टक्क्यांच्या आसपास, खाणारे ४ टक्क्यांच्या. प्रत्येक जण म्हणणार, मी माझ्या मनानं सुरू केली. मग ही मनं राज्याची हद्द बघून कशी काय बदलली? मी मळायला शिकलो, कारण आमच्या कट्ट्यावर मळत होते. श्रीनगरला जन्मलो असतो तर ओढली असती, आणि तीही 'स्वतःच्या मर्जीनं'.

सोडण्याचंही तसंच. लोक मला म्हणतात, काय जिद्द आहे राव! जिद्द कसली? माझी पुण्याला बदली झाली. ऑफिस सहाव्या मजल्यावर, थुंकायला जागा नाही, आणि "मळ की जरा" म्हणणारं कुणी नाही. पहिले तीन आठवडे डोकं फुटायची वेळ आली, ते खरं. पण कट्टा सुटला म्हणून तंबाखू सुटली, उलटं नाही.

व्हिएतनामहून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या बाईंनी अभ्यास केला होता. तिकडं असताना पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेल्याचं सांगत होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास पुन्हा त्या फेऱ्यात अडकले. हेरॉइन! बाकीचे सगळे काय एकाच वेळी जिद्दी झाले? विमानात बसले, युद्ध मागं राहिलं.

हे सगळं सांगतोय ते धाकट्यासाठी. तो साखर कारखान्यात काट्यावर असतो. हंगामात रात्रपाळी, ट्रॅक्टरची रांग, थंडी, चौघांत एक पुडी. झोप मारायला तेवढंच साधन. आणि घरी गेलं की आई म्हणते, "थोरल्यानं मनावर घेतलं, तुला का जमंना?" तो खाली मान घालून भाकरी मोडतो. मीही दोन-तीनदा त्याला ऐकवलंय, "मनावर घेतलं की होतं रे." बदली झालेल्या माणसानं काट्यावरच्या माणसाला! आता आठवलं की लाज वाटते. (बघा, *वाटते*.)

म्हणून काय कुणाचाच काही दोष नाही? तसंही म्हणवत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात ६१ वा श्लोक सांगतो, ईश्वर सगळ्या भूतांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो. आणि दोनच श्लोक पुढं, ६३ व्यात, तोच कृष्ण अर्जुनाला म्हणतो, 'यथेच्छसि तथा कुरु', तुला हवं तसं कर. पूर्वी मला ही सरळसरळ विसंगती वाटायची. आता वाटतं, यंत्र आहेच. पण त्यावर बसलेल्याला ते यंत्र आहे हे कुणीतरी सांगितलं, की कुठंतरी एखादी कळ दाबता येते. तलफ आल्यावर नाही, तेव्हा उशीर झालेला असतो. आदल्या दिवशी.

या रविवारी धाकट्याला फोन करून हेच सांगितलं. जिद्दीचं सोड म्हटलं, हात पुडीपर्यंत पोचायला वेळ लागेल असं काहीतरी कर. वहिनीकडून शर्टांचे खिसे उसवून घे.

काल रात्री त्याचा फोन आला. "दादा, उसवले सगळे खिसे."

मी खूश झालो. म्हटलं, मग?

"मग काय, पुडी आता पँटीत ठेवतो. पण खुर्चीवर बसल्या बसल्या काढता येत नाही, उठून उभं राहावं लागतं. आज दोनदा कंटाळा आला."