सीमेपलीकडच्या हल्ल्यांना एकच माप लावा

१६ जानेवारी २०२४ ला इराणने पाकिस्तानच्या बलुचिस्तानात, इराणमध्ये हल्ले करणाऱ्या जैश अल-अदल या संघटनेच्या ठिकाणांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडले. दुसऱ्या दिवशी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की हा त्या दोन देशांमधला विषय आहे, दहशतवाद आपण अजिबात खपवून घेत नाही, आणि स्वसंरक्षणासाठी देश जी पावलं उचलतात ती आपण समजू शकतो. त्याच वर्षी २४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानने अफगाणिस्तानातल्या पक्तिका प्रांतात बॉम्ब टाकले. कारण तेच दिलं, आमच्यावर हल्ले करणारे तिकडे दडून बसलेत. या वेळी मात्र आपण ६ जानेवारी २०२५ ला नि:संदिग्ध निषेध केला, आणि घरातल्या अपयशाचं खापर शेजाऱ्यावर फोडायची पाकिस्तानची जुनीच खोड आहे, असंही सुनावलं.

कुणी म्हणेल, पक्तिकात बायका-लेकरं मेली म्हणून निषेध केला. बरोबरच केला. पण बलुचिस्तानातल्या हल्ल्यातही दोन लहान मुलं गेली असं पाकिस्तानने त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांच्याबद्दल आपण अवाक्षर काढलं नाही.

पाकिस्तानची बाजू घेण्यासाठी हे लिहीत नाही. पुलवामात गेलेल्या ४० जवानांत दोन आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते. पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावती आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आपल्याच विदर्भात आहेत. पलीकडून पोसलेल्या दहशतवादाला सीमेपलीकडे जाऊन उत्तर द्यायचा हक्क भारताला आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि तो हक्क वापरायची पाळी आपल्यावर पुन्हा येणार आहे, म्हणूनच इतरांच्या बाबतीत आपण काय बोलतो याची मला काळजी वाटते.

नियम काय आहे ते आधी नीट पाहू, कारण वादात दोन्ही बाजू तो अर्धाच सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेतलं कलम २(४) म्हणतं की कोणत्याही देशाच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करायचा नाही, धमकीही द्यायची नाही. अपवाद दोनच. एक, सुरक्षा परिषदेने परवानगी दिली तर. दुसरा कलम ५१ चा, म्हणजे सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा. पण या कलम ५१ चा पुढचा भाग टीव्हीवर कुणी वाचत नाही. स्वसंरक्षणासाठी जे केलं ते सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवायचं, असं त्यात लिहिलंय.

त्यामुळे कुठल्याही देशाने कुणावरही हल्ला केला की माणसाने तीच चौकशी करावी. आधी हल्ला खरोखर झाला होता का, की होईल असा नुसता अंदाज होता? ज्यांनी केला त्यांचा, जिथे बॉम्ब पडले त्या जागेशी संबंध दाखवला का? दुसरा उपाय शिल्लक नव्हता का? उत्तर मूळ माराच्या प्रमाणात होतं की त्या निमित्ताने वेगळाच हिशेब चुकता केला? यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुसऱ्या प्रश्नावर. दहशतवादी संघटना एका देशात बसते, हल्ला दुसऱ्या देशात करते, आणि यजमान देश म्हणतो आम्हाला काही माहीत नाही. २३ सप्टेंबर २०१४ ला अमेरिकेने सीरियातल्या हवाई हल्ल्यांबद्दल संयुक्त राष्ट्रांना पत्र दिलं, त्यात हीच वाट काढली की यजमान देशाची इच्छा नसेल किंवा ऐपत नसेल, तर आम्ही शिरू. तुर्कस्ताननेही २०१८ मध्ये सीरियातल्या अफ्रिनमध्ये आणि २०१९ मध्ये उत्तर सीरियात सैन्य घुसवताना कलम ५१ चंच नाव घेतलं. वाट मोकळी झाली की तिच्यावरून कोणीही जातो, मग पुरावा किती आणि कसा दाखवला यालाच सगळं महत्त्व येतं.

मोठ्या देशांचं वागणं सगळ्यांना माहीत आहे, तरी एक आकडा सांगतो. २८ ऑक्टोबर १९८३ ला कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा या छोट्या देशावरच्या अमेरिकी आक्रमणाविरुद्धचा ठराव सुरक्षा परिषदेत आला. बाजूने ११, विरुद्ध १, तटस्थ ३. विरुद्धचं एक मत अमेरिकेचं, म्हणजे नकाराधिकार, ठराव मेला. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या रशियन आक्रमणाविरुद्धचा ठराव आला. बाजूने ११, विरुद्ध १, तटस्थ ३. या वेळी एक मत रशियाचं. पंधरापैकी नऊ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकार चालत नाही, ही रचनाच अशी आहे की गुन्हा करणाराच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. १९९९ मध्ये सर्बियावर नाटोने ७८ दिवस बॉम्ब टाकले, २००३ मध्ये इराकवर चढाई झाली, दोन्हींना सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. तेच देश आज युक्रेनच्या सार्वभौमत्वावर प्रवचन देतात. युक्रेनबद्दल ते जे म्हणतात ते खरंच आहे. पण इराकच्या वेळी ते त्यांना आठवलं नाही.

या दुटप्पीपणाची झळ आपल्या पऱ्हाटीपर्यंत कशी येते तेही बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं, आधीचे २५ धरून ५० टक्के. परराष्ट्र मंत्रालयाने ४ ऑगस्टलाच उत्तर दिलं होतं की अमेरिका स्वतः रशियाकडून युरेनियम हेक्साफ्लोराइड, पॅलेडियम आणि खतं घेते, आणि युरोपीय संघाचा रशियाशी २०२४ मध्ये ६७.५ अब्ज युरोचा मालाचा व्यापार झाला. रोखठोक निवेदन होतं ते, मनापासून आवडलं. पण त्याच महिन्यात, १९ ऑगस्टपासून, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. सूतगिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून. यवतमाळ-अमरावतीचा कापूस घरात येतो तो दसरा-दिवाळीलाच. लांब धाग्याचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर, आणि नेमक्या वेचणीच्या हंगामात बाहेरचा कापूस बिनशुल्क. त्याआधी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा डीएपी खताची गोणी १,३५० रुपयांत मिळावी म्हणून सरकारला गोणीमागे २,५०१ रुपये अनुदान मोजावं लागलं. तेव्हा परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतल्या लोकांचं काम, असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत.

आता आपलं. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ला केला. आपण चिंता व्यक्त केली. १४ जूनला शांघाय सहकार्य संघटनेने निषेधाचं निवेदन काढलं, त्यापासून आपण स्वतःला वेगळं ठेवलं. २२ जूनला अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. ६ जुलैला ब्राझीलच्या रिओत ब्रिक्स या देशगटाच्या घोषणापत्रात इराणवरच्या हल्ल्यांचा निषेध आला, त्यावर आपली संमती आहे. ९ सप्टेंबरला इस्रायलने दोहात हमासच्या नेत्यांवर हल्ला केला, तेव्हा पंतप्रधानांनी कतारच्या सार्वभौमत्वाच्या उल्लंघनाचा निषेध केला. मग इराणचं सार्वभौमत्व जूनमध्ये हलकं होतं आणि जुलैत जड झालं का? कतारचा गॅस आपल्याला लागतो, तिथे आपली माणसं कामाला आहेत, हे खरं. पण आपल्याकडे शेताच्या धुऱ्याचं भांडण भूमी अभिलेख कार्यालयात गेलं की मोजणीदार मोजणीचा नकाशा काढतो, कोण कुणाचा सोयरा ते विचारत नाही.

युक्रेनच्या बाबतीत सुरुवातीचं मौन मी समजू शकतो. खारकीव, सुमीत आपली मुलं तळघरात अडकली होती, त्यांना आणायचं होतं. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाविरुद्धच्या ठरावावर १४१ विरुद्ध ५ मतं पडली, ३५ तटस्थांत आपण होतो. पण २३ फेब्रुवारी २०२३ ला तसाच ठराव आला, तेव्हाही आपण तटस्थच राहिलो. तोवर मुलं घरी येऊन वर्ष होत आलं होतं. तेल घ्यायचं तर घ्या, शस्त्रांचे सुटे भाग घ्या, त्याबद्दल तक्रार नाही. रशियाने शेजाऱ्याची सीमा बळाने मोडली हे एक वाक्य त्यासोबत बोलता आलं असतं.

‘आधी देशहित’ म्हणणाऱ्यांनी १९७१ आठवावं. आपल्याकडे सुमारे एक कोटी निर्वासित होते, ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले होते, त्याआधी इंदिराजी पाश्चात्त्य राजधान्या फिरून परिस्थिती सांगून आल्या होत्या. एवढं करूनही ७ डिसेंबरला आमसभेत युद्धबंदी आणि सैन्य माघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. ११ मध्ये आपण होतो. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकाराने आपल्याला वाचवलं. असा पाठीराखा आज गृहीत धरता येत नाही. पहलगामनंतर २५ एप्रिल २०२५ ला सुरक्षा परिषदेचं निवेदन आलं, त्यात टीआरएफ या दहशतवादी संघटनेचं नावसुद्धा नव्हतं, कारण पाकिस्तान तेव्हा परिषदेत बसलेला होता. ऑपरेशन सिंदूरच्या सकाळी आपण जगाला सांगितलं की कारवाई मोजून मापून केलेली, प्रमाणशीर आणि जबाबदार आहे. ते खरं होतं. असं आपण सांगतो तेव्हा समोरचा आपली जुनी निवेदनं काढून बसतो, आणि बलुचिस्तान, पक्तिका, इराण, कतार एका ओळीत मांडून विचारतो की तुमचा नियम नेमका कोणता.

विदर्भाचे लोकसभेत दहा खासदार आहेत. प्रश्न विचारायला पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. आपल्या खासदाराला गाठा आणि हा कागद हातात द्या:

“परराष्ट्र मंत्री सांगतील का, (अ) एका देशाने दुसऱ्या देशाच्या भूमीवर केलेल्या लष्करी कारवाईबाबत भारताची भूमिका ठरवताना कोणते निकष लावले जातात, (ब) ते लेखी स्वरूपात आहेत का, (क) १४ जून २०२५ च्या शांघाय सहकार्य संघटनेच्या निवेदनापासून वेगळं राहण्याची आणि ६ जुलै २०२५ च्या ब्रिक्स घोषणापत्रातल्या निषेधाला संमती देण्याची कारणं काय, (ड) लेखी निकष नसल्यास ते सभागृहासमोर केव्हा ठेवले जातील?”