स्वस्त ब्रू केटल: अ‍ॅल्युमिनियम, नळ आणि लिटरचा हिशेब

नमस्कार,

घरी बिअर करताना वॉर्ट उकळायच्या भांड्यासाठी, म्हणजे ब्रू केटलसाठी, मी ३६ लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा टोप सुचवला होता. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत चार आक्षेप आहेत आणि शेवटी एक प्रश्न. आक्षेप थोडक्यात असे: अ‍ॅल्युमिनियम आंबट वॉर्टमध्ये (बिअरसाठी धान्यापासून काढलेल्या गोड पाण्यात) उतरतं आणि बिअरला धातूची चव येते. २० लिटरच्या बॅचला ३६ लिटरचं भांडं सुचवणं म्हणजे उधळपट्टी. नळ आणि थर्मामीटर नसेल तर ती केटल नव्हे, नुसता टोप. आणि जाड, तीन थरी बुडाचं स्टील एकदाच घ्यावं, म्हणजे पुन्हा खर्च नको. यातला आंबटपणाचा मुद्दा एका ठिकाणी बरोबर आहे. बाकीचे मला पटत नाहीत. का, ते आकडे देऊनच सांगतो.

आधी मापाचं बोलू, कारण लोकांचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात. फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) २० लिटर जायला हवेत. केटलच्या तळाशी हॉप्स (कडूपणासाठी घालतात ती फुलं) आणि प्रथिनांचा गाळ बसतो, त्यात दोनेक लिटर अडकतात. म्हणजे थंड झाल्यावर केटलमध्ये २२ लिटर हवेत. उकळत्या तापमानाला तेच वॉर्ट साधारण ४ टक्के फुगलेलं असतं, म्हणजे जवळपास २३. तासाभराच्या उकळीत ३ ते ४ लिटर वाफेवर जातात. तेव्हा उकळी फुटताना भांड्यात २६ ते २७ लिटर असतात. आता ३४ सेंटिमीटर व्यासाचं ३० लिटरचं भांडं घ्या. त्यात २७ लिटर भरल्यावर वरची मोकळी कड उरते जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर. वॉर्टला पहिली उकळी येताना प्रथिनांचा फेस दुधासारखा एकदम वर येतो आणि सव्वातीन सेंटिमीटर चढायला त्याला काही सेकंद पुरतात. तेच ३६ सेंटिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या भांड्यात (हे साडेछत्तीस लिटरचं होतं) साडेनऊ सेंटिमीटर कड मोकळी राहते. फेस चढायला लागल्यावर आच कमी करायला, पाण्याचा फवारा मारायला वेळ मिळतो.

पिशवीत धान्य ठेवून एकाच भांड्यात मॅश (धान्य गरम पाण्यात भिजवून साखर काढणं) करणार असाल, तर ३६ लिटरही जेमतेम पुरतात. ५ किलो मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) साडेतीन लिटरच्या आसपास पाणी शोषून ठेवतं आणि स्वतः आणखी सव्वातीन लिटरची जागा अडवतं. सगळं पाणी सुरुवातीलाच घातलं, तर मॅशच्या वेळी भांड्यात ३३ लिटरच्या वर भरतं. ढवळताना काठावरून सांडू नये असं वाटत असेल, तर ४० लिटरचं घ्या. भांड्यावर लिहिलेलं माप काठोकाठ भरल्यावरचं असतं, तेवढं वापरायला कधीच मिळत नाही. तेव्हा उधळपट्टीच म्हणायची, तर ३० लिटरचं चकचकीत, नळ-थर्मामीटर लावलेलं भांडं घेऊन सहा महिन्यांनी ते बाजूला ठेवणं ही उधळपट्टी आहे.

आता अ‍ॅल्युमिनियम. या धातूवर ऑक्साइडचा एक पातळ थर आपोआप तयार होतो आणि खालच्या धातूचं रक्षण करतो. हा थर साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये टिकतो. उकळीच्या वेळी वॉर्टचा पीएच ५.२ ते ५.५ असतो, म्हणजे सुरक्षित पट्ट्याच्या बऱ्यापैकी आत. तासाभराच्या उकळीत चवीला जाणवेल इतकं अ‍ॅल्युमिनियम त्यात उतरत नाही. नवा टोप आणल्यावर धुऊन त्यात काठाजवळपर्यंत साधं पाणी अर्धा तास उकळा. आतून तो करडा, मळकट दिसायला लागेल. तो रंग म्हणजेच थर घट्ट झाल्याची खूण. बरेच जण इथेच घोटाळा करतात: भांडं काळवंडलं म्हणून तारेच्या घासणीने लख्ख करतात आणि पुढच्या उकळीला उघडा धातू वॉर्टमध्ये देतात. मऊ स्पंज, साधा भांड्यांचा साबण, बस. धुण्याचा सोडा, परकार्बोनेट किंवा कॉस्टिक असलेली क्लीनर पावडर अ‍ॅल्युमिनियमला लावायचीच नाही. अल्कली हा थर विरघळवते आणि भांड्याला खड्डे पडतात. धातूची चव आल्याच्या तक्रारीत मी आधी दोनच गोष्टी तपासतो: भांडं कशाने घासलं, आणि पाण्यात लोह किती आहे.

तुमचं म्हणणं बरोबर ठरतं ते केटल सावरच्या, म्हणजे केटलमध्येच आंबवलेल्या आंबट बिअरच्या बाबतीत. तिथे लॅक्टोबॅसिलस (आंबटपणा आणणारे जिवाणू) घातलेलं वॉर्ट केटलमध्येच दिवस-दोन दिवस ठेवतात आणि पीएच ३.२ ते ३.५ पर्यंत खाली येतो. हा पीएच ऑक्साइडचा थर टिकण्याच्या मर्यादेबाहेरचा आहे आणि संपर्काचा काळही लांब आहे. आंबट बिअर करायची असेल, तर अ‍ॅल्युमिनियम नको, स्टीलच घ्या. फॉस्फरिक अ‍ॅसिडवालं सॅनिटायझरही अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात भरून ठेवू नका. उकळीच्या भांड्याला त्याची गरजही नसते.

इंडक्शन शेगडी असेल तरीही साधा अ‍ॅल्युमिनियमचा टोप बाद. तिथे चुंबक चिकटणारं बूड लागतं.

स्टील घेण्याला माझा विरोध नाही, पातळ स्टील जाड समजून घेण्याला आहे. दुकानदार जाडी सांगतो ती बहुधा बुडाची, भिंतीची नव्हे. हे ओळखायला वजनकाटा पुरतो. ३६ बाय ३६ सेंटिमीटरच्या भांड्याचा पत्रा, भिंत आणि बूड धरून, सुमारे ०.५१ चौरस मीटर भरतो. एक मिलिमीटर जाडीच्या स्टीलचं वजन चौरस मीटरला साधारण ७.९ किलो. म्हणजे झाकण आणि कड्या सोडून भांडं ४ किलोचं असेल, तर पत्रा सरासरी १ मिलिमीटरचा आहे. अडीच किलोच्या आत असेल, तर ०.६ चा आहे, आणि खाली थाळीसारखं जाड बूड जोडलेलं असेल, तर भिंत त्याहूनही पातळ. असं भांडं भरल्यावर कड्यांपाशी वाकतं आणि पुढे नळ बसवला तर तो गळतो, कारण पत्रा हलला की गळती थांबवणारी रिंग सरकते. तुलनेसाठी, त्याच मापाचा ३ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा टोपही साधारण ४ किलोचाच होतो. म्हणून कमी किमतीत मी तो सुचवला होता.

चुंबकाच्या चाचणीवर फार विसंबू नका. ३०४ या चांगल्या प्रतीच्या स्टीलला चुंबक धरत नाही हे खरं, पण २०१ या स्वस्त प्रतीलाही धरत नाही. २०१ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं आणि जोडाच्या रेषेवर ते आधी गंजतं. वॉर्ट उकळायला तेही चालतं, फक्त धुऊन पुसून कोरडं ठेवा आणि कुठल्याही स्टीलमध्ये क्लोरीनचं ब्लीच भिजत ठेवू नका.

तीन थरी बुडाबद्दल. अ‍ॅल्युमिनियम ३०४ स्टीलपेक्षा दहा पटींहून जास्त चांगली उष्णता वाहून नेतं, म्हणून स्टीलच्या दोन थरांमध्ये त्याचा थर घालतात. जाड रश्श्याला त्याचा उपयोग मोठा. वॉर्ट मात्र पाण्यासारखं पातळ असतं, उकळताना स्वतःच ढवळलं जातं आणि बुडाला लागत नाही. ते करपतं ते दोनच वेळा: मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (वॉर्ट आटवून केलेला तयार पाक किंवा पूड) ओतल्यावर त्याची लगदी तळाशी बसते तेव्हा, आणि धान्याची पिशवी तळाला टेकलेली असताना खालून आच दिली तेव्हा. पहिल्यावर उपाय म्हणजे शेगडी पूर्ण बंद करून एक्स्ट्रॅक्ट घालणं आणि तळ खरवडत ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळणं. दुसऱ्यावर, तळाशी उलटी स्टीलची जाळी ठेवणं किंवा पिशवी वर बांधून धरणं. दोन्हींना खर्च जवळपास नाही.

त्यापेक्षा मोठी अडचण असते ती शेगडीची, आणि तिचा विचार केटलबरोबरच करावा लागतो. २६ लिटर वॉर्ट २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे सव्वादोन किलोवॅट-तास लागतात. पुढे एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६३ किलोवॅट-तास. तासाला ३ लिटर वाफ हवी असेल, तर नुसत्या त्यासाठी १.९ किलोवॅट हवेत, आणि भांड्याच्या अंगातून जाणारी उष्णता वेगळीच. २ किलोवॅटच्या शेगडीवर हे गणित बसत नाही. वॉर्ट दीड तासाने उकळीला येईल आणि मग नुसतं हलत राहील. केटल कितीही महाग असली तरी यात फरक पडत नाही. अशा वेळी भांड्याला बाहेरून उष्णता सोसणारं वेष्टन गुंडाळा (इंडक्शन किंवा विजेच्या कॉइलवरच, गॅसच्या ज्योतीजवळ अजिबात नाही), किंवा झाकण एक तृतीयांश सरकवून ठेवा, किंवा बॅच १० लिटरची करा. झाकण पूर्ण लावून मात्र उकळू नका. मॉल्टमधून सुटणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर बाहेर जायला हवं. झाकणावरून ते थेंबाथेंबाने परत आत पडलं, तर बिअरला शिजवलेल्या मक्याचा वास राहतो.

आता नळ. गरम वॉर्टनं भरलेली केटल उचलायची नाही, हे तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. २३ लिटर वॉर्ट आणि भांडं मिळून २५ किलोच्या वर जातं, आणि उकळत्या साखरपाण्याचा चटका पाण्याच्या चटक्याहून वाईट, कारण ते कातडीला चिकटतं. पण त्याला नळ हाच उपाय नाही. तांब्याची किंवा स्टीलची कूलिंग कॉइल (आतून थंड पाणी फिरवायची वेटोळी नळी) उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत आत सोडा, वॉर्ट २० अंशांच्या आसपास आणा आणि सायफनने काढा. गाळ तळाशी राहतो, भांडं हलवावंच लागत नाही. प्लेट चिलर (वॉर्ट केटलबाहेर नेऊन थंड करणारं उपकरण) वापरणार असाल किंवा सायफन जमत नसेल, तरच नळ लागतो, आणि तो नंतरही बसवता येतो.

बसवताना भोक तळापासून ४ सेंटिमीटरवर, जिथे भिंत सरळ झालेली आहे तिथे घ्या. बुडाच्या गोलाईवर वॉशर सपाट बसत नाही. आतून लाकडाचा ठोकळा लावून पंच मारा, ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि मग स्टेप बिटने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होणाऱ्या ड्रिल बिटने) २१-२२ मिलिमीटरपर्यंत वाढवा. अर्धा इंची आट्याला एवढं भोक लागतं. स्टीलवर ड्रिल हळू फिरवा, तेल सोडत राहा आणि दाब सोडू नका. बिट नुसतं घासत राहिलं की तिथलं स्टील कडक होतं आणि मग काही केल्या कापलं जात नाही. कड कानशीने दोन्ही बाजूंनी साफ करा, नाहीतर सिलिकॉनची रिंग पहिल्याच आवळणीत कापली जाते. बाहेरून नळ, वॉशर, रिंग, मग भिंत, आतून नट. रिंग किंचित दबेपर्यंतच आवळा. जास्त आवळलं की ती बाहेर फुगून गळायला लागते. चाचणी उकळत्या पाण्याने घ्या. थंड पाण्यात न गळणारा जोड तापल्यावर गळू शकतो.

आतून खाली वळलेली नळी लावायला विसरू नका. ३६ सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात प्रत्येक सेंटिमीटरला एक लिटर मावतं. नळ ४ सेंटिमीटरवर असेल, तर चार लिटर वॉर्ट आतच राहील. बॉल व्हॉल्व्ह तीन भागांत सुटणारा घ्या, कारण गोळ्याच्या मागे वॉर्ट साचतं आणि आंबतं.

थर्मामीटर भिंतीतला नकोच. तो फक्त कडेच्या एका उंचीचं तापमान दाखवतो, त्याची दांडी पिशवीत आणि कॉइलमध्ये अडकते आणि गळायला आणखी एक भोक तयार होतं. हातात धरायचा डिजिटल थर्मामीटर ढवळून हवा तिथे बुडवता येतो.

जुनं भांडं घेणार असाल, तर रात्रभर पाणी भरून कोरड्या कागदावर ठेवा आणि आतून वास घ्या. तळणीला वापरलेल्या टोपात तेलाचा पिवळट चिकट थर राहतो, आणि तेल बिअरचा फेस मारतं. टवका उडालेलं इनॅमल कितीही स्वस्त मिळालं तरी नको. खालचं लोखंड वॉर्टमध्ये उतरतं, त्याची चव लागते आणि बिअर लवकर शिळी होते.

शेवटी तुमचा प्रश्न: घरात १९ लिटरचं स्टीलचं भांडं आहे, त्याचं काय करू? ते टाकू नका. १० लिटरच्या बॅचला उकळीच्या सुरुवातीला १४ लिटर लागतात, तेवढे त्यात आरामात मावतात. २० लिटरच हवी असेल, तर एक्स्ट्रॅक्ट वापरून १४ लिटर उकळा आणि थंड झाल्यावर फर्मेंटरमध्ये आधीच उकळून गार केलेलं पाणी घालून २० लिटर करा. अर्धं एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीला आणि उरलेलं शेवटच्या १५ मिनिटांत घाला. सगळं आधीच घातलं, तर दाट वॉर्टचा रंग गडद होतो आणि हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो. तरी पुढे पाण्याने कडूपणा पातळ होणारच असतो, म्हणून फार कडू बिअरची रेसिपी या पद्धतीने करू नका. गव्हाची बिअर किंवा हलक्या कडूपणाची एल (बिअरचाच एक प्रकार) चांगली होते.