डिचोलीचं न झालेलं युद्ध आणि तळटिपांचा आधार

नमस्कार,

रोजच्या बारीकसारीक माहितीसाठी मी बिनधास्त विकिपीडिया उघडतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत: "कुणीही यावं, काहीही लिहावं, त्याला ज्ञान म्हणत नाहीत. डिचोलीचं खोटं युद्ध तिथे पाच वर्षं नांदलं. घरात मराठी विश्वकोशाचे खंड असताना फोनमध्ये डोकं कशाला घालायचं?"

तुमचं उदाहरण नेमकं आहे, म्हणून आधी तेच घेतो. २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर एक लांबलचक लेख आला. विषय होता १६४०-४१ साली पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात गोव्यात झालेलं 'डिचोलीचं युद्ध'. लेखात तळटिपा होत्या, ग्रंथांची नावं होती. त्याला 'चांगला लेख' हा दर्जाही मिळाला. आता १६४० साली शिवराय जेमतेम दहा वर्षांचे! साम्राज्य सोडा, स्वराज्याचं तोरणही बांधलेलं नव्हतं. डिचोली पोर्तुगिजांच्या हाती गेली ती पुढे अठराव्या शतकात. चौथीचं इतिहासाचं पुस्तक वाचलेल्या पोरानेही तिथेच बोट ठेवलं असतं. तरी तो लेख उडायला डिसेंबर २०१२ उजाडला.

इथवर तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण बिंग कसं फुटलं तेही बघा. एका संपादकाने तळटिपांतली पुस्तकं शोधायला घेतली, तर तसली पुस्तकंच निघेनात. लेख पडला तो त्याच्याच तळटिपांमुळे. मला खंत वाटते ती वेगळीच. पोर्तुगीज-मराठे संबंधांबद्दल ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक, ते आपण. आणि आपल्यापैकी कुणी तो वेळेवर थांबवला नाही.

विश्वकोशाबद्दल मला मनापासून आदर आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभं केलेलं ते काम आहे, नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि एखादी संकल्पना नीट समजून घ्यायची असेल तर मीही तिकडेच जातो. पण रोजची माहिती हलत असते. पहिला खंड आला १९७६ साली. तेव्हा महाराष्ट्रात जिल्हे होते २६, आज आहेत ३६. शेवटची भर पालघरची, २०१४ मधली. कपाटातल्या खंडाला हे कळणार कसं? मुलाचा गृहपाठ मात्र उद्या सकाळी द्यायचा असतो.

छापलं की पक्कं, हेही मला पटत नाही. शिवजन्माचं साल कित्येक जुन्या, नामवंत पुस्तकांत १६२७ आहे. जेधे शकावलीतली (जेधे घराण्याकडच्या, घटनांच्या तिथ्या नोंदवलेल्या जुन्या टिपणातली) वेगळी तिथी पुढे आली आणि वाद वर्षानुवर्षं चालला. आज महाराष्ट्र शासनाने मानलेली तारीख आहे १९ फेब्रुवारी १६३०. हाताशी एकच जुनं पुस्तक असेल तर असा वाद होता हेसुद्धा कळत नाही. २००५ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ विषय घेऊन त्यांवरचे विकिपीडिया आणि ब्रिटानिका या इंग्रजी विश्वकोशातले लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात लेखामागे सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने त्या तपासणीवर कडक आक्षेप घेतला, पण गंभीर चुका सगळ्या लेखांत मिळून दोन्हीकडे सारख्याच, चार-चार होत्या.

म्हणून माझी रीत अशी: मिठाचं रासायनिक सूत्र, कळसूबाईची उंची, एखाद्या देशाची राजधानी, एवढं बघून मी पुढे जातो. हयात पुढारी, जातींचा इतिहास, संतांचं जन्मगाव असं काही असलं की आधी लेखाच्या वरचे 'चर्चा' (संपादकांचे वाद) आणि 'इतिहास पहा' (कुणी कधी काय बदललं) हे दुवे उघडतो. तिथे भांडण पेटलेलं दिसलं तर लेखावर विसंबत नाही, तळटीप गाठतो. तळटीपच नसेल तर ती ओळ मी कुणाला सांगत नाही, पुढे पाठवत तर नाहीच.

आणि एक विनंती. मराठी विकिपीडियावर कितीतरी वाक्यांपुढे 'संदर्भ हवा' असं लिहिलेलं आहे. तुमच्याकडे खंड आहेत, वाचायची शिस्त आहे. तुमच्या आवडीच्या विषयाचं एक पान उघडा आणि त्या वाक्यांपुढे खंड नि पृष्ठ क्रमांक घाला. जिथे खंड आणि लेख यांचं जुळणार नाही, ती जागा मला इथेच कळवा. आपण दोघं मिळून मूळ साधन शोधू.