पोट्टं मेहनती करायची खात्रीशीर नागपुरी रीत

आपलं पोट्टं आळशी आहे, हे आधी मान्य करा. ते मोबाइलमुळे तसं झालं, हेही लगेच ठरवून टाका. एवढं ठरलं की पुढे तुमच्याकडे कोणी बोट दाखवत नाही आणि शांतपणे संस्कार करता येतात.

सुरुवात स्वतःच्या कष्टांपासून करावी. तुम्ही महाल भागातून हिंगण्याच्या एमआयडीसीत सायकलनं जात होता, ही गोष्ट त्याला रोज सांगा, शक्यतो तो जेवत असताना. अंतर दरवर्षी थोडं वाढवा. ऊनही वाढवा; मे महिन्यातलं नागपूर आहे, कोणी हरकत घेणार नाही. पायात चप्पल होती की नव्हती, ते तेवढं बायकोशी बोलून पक्कं करून ठेवा. नाहीतर ऐन रंगात आल्यावर स्वयंपाकघरातून आवाज येतो, "काऊन जी, लग्नाच्या फोटोत तर बूट आहेत तुमच्या पायात."

स्वतःचं संपलं की आजोबांवर यावं. आजोबा नागपूरच्या एम्प्रेस कापड मिलमध्ये होते, भोंगा झाला की अख्खी वस्ती उठायची, त्या पिढीच्या रक्तातच काम होतं, वगैरे वगैरे. इथे मात्र जपून. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ही मिल सुरू केली, तेव्हा त्यांची मोठी डोकेदुखी हीच होती की कामगार रोज कामावर येत नसत. सण आला, लग्न निघालं, शेतात काम निघालं, की माणूस घरी. मालकानं यावर दंडुका उगारला असता तर तुमच्या गोष्टीला केवढी धार आली असती! पण त्यांनी बक्षिसं सुरू केली, १८८६मध्ये पेन्शन निधी काढला, १९०१मध्ये भविष्य निर्वाह निधी. देशात त्याचा कायदा व्हायला १९५२ साल उजाडलं. हा तपशील पोट्ट्याच्या कानावर जाता कामा नये. तो लगेच म्हणेल, "म्हणजे आजोबांचे आजोबापण दांड्या मारत होते ना? मालकानं सोय लावून दिली, तवा आले!" रक्ताचा मुद्दा तिथेच बारगळतो.

मिल गेली, तिच्या जागेवर आता मॉल आहे. पोट्ट्याला तिथेच न्या. खुर्चीवर बसवा, पिझ्झा मागवा, रांगेत स्वतः उभे राहा, ट्रे त्याच्यापुढे आणून ठेवा आणि मग श्रमाचं महत्त्व समजावून सांगा.

घरात एकही काम त्याच्या हाताला लागू देऊ नका. कूलरमध्ये पाणी भरणं घ्या. चौदा वर्षांच्या पोट्ट्याला सहज जमेल असं हे काम, म्हणूनच घातक. पाइप लावायचा, टाकी भरेपर्यंत थांबायचं, वेळेवर नळ बंद करायचा. विसरला तर खोलीभर पाणी होतं आणि आपण विसरलो की आपल्यालाच पुसावं लागतं, ही भयंकर जाणीव कोवळ्या वयात होऊन बसते. तेव्हा त्याला आत नीटच्या पुस्तकांपुढे बसवा, पाणी तुम्ही भरा आणि भरताना खिडकीतून ओरडा, "साऱ्या घराचं मी एकटाच करून राहिलो इथं!" घरात पोरगी असेल तर ओरडायचीही गरज नाही. पाणी ती भरेल, पाहुण्यांचा चहा ती करेल, आजीच्या गोळ्या ती लक्षात ठेवेल आणि बारावीत भावापेक्षा जास्त मार्कही तीच आणेल. त्यावर "पोरींना मेहनतीची सवयच असते बाप्पा," एवढं म्हणून विषय मिटवावा. ती सवय कुठून आली, याच्या खोलात शिरू नये. फार लोक अडकले आहेत त्यात.

चारचौघांत मात्र पोट्ट्याची स्तुती करा. स्तुतीचं वाक्य ठरलेलं आहे, धरमपेठ काय नि नंदनवन काय, सगळीकडे चालतं: "डोकं लय आहे त्याला, फक्त अभ्यास नाही करत." क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्राच्या दोघी अभ्यासकांनी १९९८मध्ये याच्यावर उगाच पाणी ओतलं. त्यांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांना सोपी कोडी दिली, सुटल्यावर काहींना "हुशार आहेस" म्हटलं, काहींना "मेहनत केलीस" म्हटलं आणि मग मुद्दाम अवघड कोडी पुढे ठेवली. हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, त्यानंतरच्या सोप्या कोड्यांतही आधीपेक्षा कमी पडली आणि किती सुटली असं विचारल्यावर त्यांच्यातली बरीच खोटं बोलली. आपलं पोट्टं युनिट टेस्टचा पेपर गादीखाली का ठेवतं, याच्याशी अर्थातच याचा काही संबंध नाही.

नुसत्या स्तुतीनं भागलं नाही तर बक्षीस कबूल करा. "नव्वद टक्के आण, गाडी घेऊन देतो." १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञ मंडळींनी आवडीनं चित्रं काढणाऱ्या लहान मुलांना आधीच प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं, तर पुढे ती मुलं मोकळ्या वेळेत चित्रांकडे निम्म्यानंच वळली. पण ती बिचारी रिबीन लावलेल्या कागदावर राबली. आपण बुलेट देतो आहोत. (जमशेटजींचीही बक्षिसंच होती की, असं पोट्टं म्हणालं, तर त्याला सांगा की मिलमध्ये सूत काढायची हौस म्हणून कोणी जात नव्हतं. हे सांगितल्यावर अभ्यासाबद्दल तो काय बोलेल, ते ऐकायला थांबू नका.)

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी साठच्या दशकात पालकांचे प्रकार पाडले: नुसता हुकूम सोडणारे, नुसते लाड करणारे आणि शिस्तीबरोबर कारणही सांगणारे. आपल्या घरी पहिले दोन सकाळच्या तर्रीपोह्यांआधीच हजर असतात, बाबा आणि आजी. तिसरा प्रकार अजून कोणाकडे पाहण्यात नाही.

आता तुमच्या स्वतःच्या नोकरीबद्दल. तिच्या गोष्टी मुलांसमोर मोकळेपणानं करा. साहेब टूरवर असल्यावर ऑफिसात काय चालतं, आजारी रजा लग्नसराईत कशी बसवायची, हे कुलर लावून, पाय पसरून, हसत हसत सांगा. डिसेंबरात अधिवेशन लागलं की तुम्ही रात्री दहापर्यंत फायली उपसता, वर्षभर न बुजलेले खड्डे आठ दिवसांत बुजतात, भिंतींना रंग लागतो, हे पोट्टं लहानपणापासून पाहतं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ते पहिल्यांदा पुस्तक उघडेल तेव्हा त्याला जरूर विचारा, "हे कोणाकडून शिकला बे तू?"

एवढं सगळं नीट पार पडलं की ते मिहानमध्ये किंवा पुण्याला नोकरीला लागेल. तिथे हात आखडू नका. त्याच्या मॅनेजरचा नंबर मिळवून ठेवा. पारा पंचेचाळीसवर गेला, की सकाळीच फोन लावा: "साहेब, ऊन लय आहे, आज आमच्या पोट्ट्याला घरूनच काम करू द्या ना." फोन मॅनेजरच्या आईनं उचलला तर दचकू नका. साहेब अजून उठले नसतील.