आजोबांची थकबाकी

माझे आजोबा १९९८ साली वारले, तरी आमच्या घरपट्टीचे बिल आजतागायत त्यांच्याच नावाने येते. सोलापूरच्या पूर्व भागातले हे घर त्यांनी यंत्रमागावर रात्रपाळ्या करून बांधले. किराणा दुकानाची उधारी फेडल्याखेरीज ते रात्री पानावर बसत नसत, असे आत्या सांगते. अशा माणसाला मरणोत्तर थकबाकीदार करण्याचे श्रेय सर्वस्वी माझे आहे.

घरचे याला आळस म्हणतात; माझ्या मते ते अर्थशास्त्र होते. थकीत घरपट्टीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, हे मला ठाऊक होते. पण अधूनमधून शास्तीत माफी देणारी अभय योजना निघते, हेही ठाऊक होते. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच पट्टी भरून थोडीशी सूट पदरात पाडून घेणाऱ्या शेजारच्या मामांना मी मनातल्या मनात भोळे समजत असे. पट्टीचे १० हजार रुपये मी बँकेत ठेवीत गुंतवले आणि अभयाची वाट पाहत बसलो. योजना आली तेव्हा माफी पूर्ण नव्हती, म्हणून मी बाणेदारपणे पुढच्या वर्षासाठी थांबलो. ३० महिन्यांत ठेवीवर १,७५० रुपये व्याज मिळाले आणि शास्ती ६ हजार झाली.

जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. तेव्हा शहराच्या हक्काच्या उत्पन्नात घरपट्टीला किती मोल आहे, हे मी चहाच्या टपरीवर इतरांना तावातावाने समजावत असे. माफीची सवय लागली की वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो, हेही माझेच मत होते. मात्र स्वतःच्या घराचा विषय निघाला की मी दुसरा चहा मागवत असे.

वसुलीला आलेला कर्मचारी सभ्य होता. ‘‘मालक, भरून टाका की,’’ एवढेच तो म्हणाला. सोलापुरात कोणालाही मालक म्हणतात. पण बिलावरचे नाव पाहता मी प्रामाणिकपणे भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवले. त्याने चप्पल काढून आजोबांना नमस्कार केला आणि नोटीस माझ्या हातात दिली. आठवड्याने चौकात थकबाकीदारांच्या नावांचा फलक लागला. मामा तो वाचून आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, ‘‘अरे, तुझ्या आजोबांचं नाव उभ्या हयातीत कोणी फलकावर पाहिलं नव्हतं.’’

३१ मार्चला, डोक्यावर उपरणे टाकून, मी रांगेत उभा राहिलो. करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे आयुष्यात प्रथमच बिल शांतपणे वाचले. वृक्ष कराची ओळ पाहून अंगणातल्या वाळक्या शेवग्याविषयी आदर वाढला. मागच्या वयस्क गृहस्थांनी आपणहून समजावले, की घराच्या वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. म्हणजे दुरुस्तीची ही वजावट आम्ही इतकी वर्षे निमूटपणे खात होतो आणि स्वयंपाकघराचा पत्रा तसाच गळत होता!

शास्तीसह १६ हजार रुपये भरले. ‘‘आता बाकी निल झाली, तर वारसांची नोंदही करून घ्या,’’ असे सांगून खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, वारसांची संमतिपत्रे, प्रतिज्ञापत्र, अशी त्यात यादी होती. काम सोपे वाटले, म्हणून उत्साहाने घरी येऊन आत्याला फोन लावला आणि संमतिपत्रावर सही हवी असल्याचे सांगितले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आत्याने अत्यंत मायेने विचारले, ‘‘घर नेमकं कोणाच्या नावावर करायचं म्हणतोयस, बाळा?’’

यंदाचे बिलही आजोबांच्याच नावाने आले आहे. ते मी एप्रिलातच भरले.